तीनशे वर्षांचं शिंग

आमचे दाजी शाळाशाळांतून फिरून मुलांना वाद्यं दाखवतात. गिटार, पेटी, ढोल असली वाद्यं नव्हेत. ती कोणीही दाखवेल. दाजी दाखवतात ती वाद्यं तुम्ही पाहिली नसतील, आणि पाहिली असतील तर ती वाद्यं आहेत हे तुमच्या लक्षात आलं नसेल. सुताराची करवत गुडघ्यांत दाबून ते तिच्यावर सारंगीचा गज फिरवतात आणि ती गळा काढून रडते. पाण्याने कमीजास्त भरलेल्या पेल्यांच्या कडांवर ओलं बोट फिरवतात. दातांत एक लोखंडी चिमटा धरून त्याची पट्टी बोटाने छेडतात, तेव्हा एखादा म्हातारा बेडूक आपली गाऱ्हाणी सांगतोय असं वाटतं. एक बासरी तर ते नाकाने वाजवतात. सर्दी झाली की त्या दिवशी बासरी रद्द.

मी त्यांचा मेहुणा. माझी सामान वाहायची गाडी आहे. लोकांची कपाटं या घरातून त्या घरात नेणं हा माझा धंदा, आणि दाजींचे पेले न फोडता शाळेपर्यंत नेणं हा माझा भोग. ताईने त्यांच्याशी लग्न केलं तेव्हा दाजी नळ आणि पाइपांच्या दुकानात काउंटरवर उभे असायचे. गिऱ्हाइकाने पाइप मागितला की आधी तो तोंडाला लावून फुंकून बघायचे आणि म्हणायचे, हा जरा घोगरा आहे, दुसरा देतो. गिऱ्हाइकाच्या घरी मोरीत पाणी तुंबलेलं, त्याला पाइपाचा गळा घेऊन काय करायचंय? मालकाने बरेच दिवस सोसलं आणि एके दिवशी हात जोडून रजा दिली. दाजींनी घरी येऊन सांगितलं की मी स्वतःच नोकरीला लाथ मारली, कलेसाठी. ताईने ते खरं मानलं की मानल्यासारखं केलं, ते तिलाच ठाऊक. मी दुकानाबाहेर गाडीत बसलो होतो आणि लाथ कुणी कुणाला मारली ते मी पाहिलं होतं.

पण दाजींची खरी ख्याती आहे ती शिंगामुळे. ते माणसापेक्षा उंच आहे, काळंभोर, वरून खालपर्यंत चामड्याच्या पट्ट्या गुंडाळलेलं, टोकाला रुंद होत गेलेलं. कार्यक्रमात ते शेवटी येतं. त्याआधी दिवे मंद करायला लावतात, आवाज खाली आणतात आणि सांगतात की हे तीनशे वर्षांपूर्वीचं मेंढपाळाचं शिंग आहे. बर्फाच्या डोंगरावरून तो मेंढपाळ ते वाजवायचा आणि तीन दऱ्यांपलीकडची मेंढरं माना वर करायची. मेंढपाळ मेला, शिंग त्याच्या मुलाकडे गेलं, मुलाकडून नातवाकडे, आणि शेवटच्या नातवाने मरताना ते दाजींच्या हातात ठेवलं. हा प्रसंग सांगताना दाजींचे डोळे भरून येतात. शिक्षिका पदर नाहीतर रुमाल शोधतात. मीसुद्धा पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गलबललो होतो, आणि तो पाइप तर मीच माझ्या गाडीतून आणून दिला होता.

होय, पाइप. दुकानातून निघताना दाजींनी एक लांब तुकडा मागून घेतला होता. परसात बसून तो कापला, त्याच्या एका टोकाला तेल ओतायचं नरसाळं बसवलं, दुसऱ्या टोकाला, तोंडाला लावायला, खुर्चीच्या पायाचा कोरलेला तुकडा. वर ताईच्या जुन्या पर्सचं चामडं आणि बुटांचं पॉलिश. कापताना दुसरं टोक धरून बसली होती त्यांची लेक, बारकी. ती तेव्हा खरोखर बारकी होती. आता माझ्या खांद्याला लागते, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

एवढं मात्र मान्य केलं पाहिजे की आवाज अस्सल आहे. मी एकदा विचारलं, दाजी, आवाज जर इतका चांगला आहे तर पाइप आहे म्हणून सांगायला काय होतं? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना कपडे उतरवून स्टेजवर जायला सांगितलं. म्हणाले, तुम्ही कपाटं उचला. पाइप बघायला कुणी दिवे मंद करत नाही.

स्टेजवर दाजी पायघोळ झगा घालतात. तो आमच्या ताईच्या पडद्यांचा आहे; दिवाणखान्याची खिडकी तेव्हापासून उघडीच आहे. डोक्याला पिसाची टोपी. चष्मा काढून ठेवतात, कारण तीनशे वर्षांच्या शिंगाशेजारी चष्मा शोभत नाही. परिणामी तिसऱ्या रांगेपलीकडचं जग त्यांना धुक्यात दिसतं. मुलांनी त्यांचं नाव पोंपों सर ठेवलंय, आणि दाजी ते बिरुद समजून मिरवतात.

त्यांच्या कामाची एक रीत मात्र शहाणपणाची आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. शिंग फुंकायला ते दर वेळी एका मुलाला वर बोलावतात. सगळं सभागृह हात वर करतं, ढुंगणं बाकांवर टेकत नाहीत. दाजी हात वर करणाऱ्याला कधीही बोलावत नाहीत. ते म्हणतात, हात वर करणाऱ्याचे ओठ सैल असतात. तो गाल फुगवून फुंकतो, शिंगातून नको तो आवाज निघतो, पोरं लोळून हसतात आणि मग कार्यक्रम हातात राहत नाही. घाबरलेल्याचे ओठ घट्ट मिटलेले असतात, आणि शिंगाला लागतात ते घट्टच ओठ. म्हणून ते धुक्यात अशी जागा शोधतात जिथे हात वर नाहीत. मग तिकडे बोट करतात. ते बिचारं पोर मान खाली घालून येतं, थरथरत फुंकतं, आणि शिंग असं बोलतं की त्याला स्वतःलाच खरं वाटत नाही. मी हे कित्येक शाळांत पाहिलंय. एकदाही चुकलेलं नाही.

तर ही आमची बारकी यंदा मोठ्या शाळेत गेली. नवी शाळा, नवा वर्ग, चकचकीत मुली. पहिल्याच दिवशी वर्गशिक्षिकेने एकेकाला उभं करून बाबा काय करतात ते विचारलं. कुणाचे वकील, कुणाचे दाताचे डॉक्टर. बारकीची पाळी आली. ती काय सांगणार, की माझे बाबा पडदा नेसून नाकाने बासरी वाजवतात? तिने सांगितलं की बाबा परदेशात असतात आणि आवाजाची यंत्रं तपासतात. खाण तशी माती. हे तिने मला एकट्यालाच सांगितलं, गाडीत, आणि कुणाला सांगायचं नाही म्हणून माझ्याकडून वचन घेतलं. मी म्हटलं, अगं पण कधीतरी फुटणार हे. ती म्हणाली, बाबाचं शिंग फुटलं का कधी?



मग व्हायचं तेच झालं. तिच्या मुख्याध्यापिकाबाईंनी दाजींचा कार्यक्रम दुसऱ्या कुठल्यातरी शाळेत पाहिला, शिंगाच्या प्रसंगी रुमाल भिजवला आणि तारीख ठरवून टाकली. बारकीला ते शाळेच्या फळ्यावर वाचून कळलं. घरी येऊन तिने दप्तर फेकलं आणि बापाला बजावलं की कार्यक्रम रद्द कर. दाजी म्हणाले की कलावंत शब्द देतो तेव्हा तो शब्द असतो. ताई मध्ये पडली. बरीच घासाघीस होऊन तह झाला. बारकीच्या अटी साध्या होत्या: तू मला ओळखत नाहीस, मी तुला ओळखत नाही, शाळेच्या आत नाही आणि फाटकाबाहेरही नाही. कारण विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की मुली हसतील. परदेशाची गोष्ट तिने बापाला सांगितली नाही, आणि वचनात अडकल्यामुळे मीही तोंडाला कुलूप लावलं.

दाजींनी वाद्यांवर हात ठेवून शपथ घेतली. पण मुली हसतील हे वाक्य त्यांना लागलं होतं. रात्री जेवताना दोनदा म्हणाले, हसतात म्हणजे आवडतं म्हणून हसतात.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. मी पडद्याआड पेल्यांच्या पाण्याची झारी घेऊन उभा होतो. आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवशी दाजींना जे सापडलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. करवत अशी रडली की पहिल्या रांगेतली दांडगट पोरं गप्प झाली. पेल्यांच्या वेळी पंखे बंद करायला सांगितले तर कुणी चुळबुळ केली नाही. नाकाच्या बासरीला हसू फुटलं, पण ते हसणं वेगळं होतं. मुलं पुन्हा, पुन्हा म्हणत होती. मला आपला उगाच अभिमान वाटायला लागला आणि मी तो झारीबरोबर खाली ठेवला.

मग शिंग आलं. मेंढपाळ मेला, मुलगा मेला, नातू मेला. मुख्याध्यापिकाबाईंनी रुमाल काढला. दाजींनी विचारलं, कोण फुंकणार? हातांचं रान उठलं. दाजींनी चष्म्याविना डोळे बारीक केले आणि धुक्यात ती जागा शोधली जिथे हात नव्हते. शेवटून दुसऱ्या रांगेत कुणीतरी पार बाकाखाली वाकलं होतं. त्यांनी तिकडे बोट केलं आणि म्हणाले, ते पोर, लपलेलं.

सगळ्या शाळेत त्या क्षणी सगळ्यात जास्त कोण लपलं असेल हे एखाद्या अडाण्यालाही कळलं असतं. मला कळलं. दाजींना नाही, कारण दाजींची रीत कधी चुकत नाही.

मैत्रिणींनी ढकलत ढकलत तिला पुढे आणलं. ती तिसऱ्या रांगेशी आली तेव्हा दाजींना दिसलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण इतक्या वर्षांची सवय. डोकं थांबलं तरी जीभ थांबेना. ठरलेला प्रश्न जिभेने आपला आपणच विचारून टाकला: "बाळ, असं वाद्य पाहिलंयस कधी?"

बारकीने शिंगाकडे पाहिलं, चामड्याच्या पट्ट्यांकडे पाहिलं. "नाही सर," ती म्हणाली.

इथे थांबले असते तर काही बिघडत नव्हतं. पण यानंतर दाजींचा दुसरा प्रश्न असतो, आणि प्रत्येक उत्तरावर त्यांचा विनोद तयार असतो. बाप ड्रायव्हर असेल तर हॉर्न वाजवता येत असणारच, दाताचा डॉक्टर असेल तर आधी आ कर, मास्तर असेल तर घरी आवाज चढा असेल. तेव्हा दाजींनी, स्वतःच्या पोटच्या पोरीला, भरल्या सभागृहात विचारलं: "तुझे बाबा काय करतात?"

मी पडद्याआड डोळे मिटले. तिचा अख्खा वर्ग समोर बसलेला. तिला दुसरं उत्तर देण्याची सोयच नव्हती.

"ते परदेशात असतात," बारकी म्हणाली. "आवाजाची यंत्रं तपासतात."

दाजींकडे प्रत्येक बापासाठी विनोद होता, या बापासाठी नव्हता. ते नुसते उभे राहिले. टोपीवरचं पीस हलत होतं. मी आयुष्यभर या माणसाची चेष्टा करत आलोय आणि पुढेही करणार आहे, पण त्या वेळी मला त्यांचं फार वाईट वाटलं. मग ते म्हणाले, "अरे वा. म्हणजे मोठा माणूस."

आणि शिंग तिच्यापुढे धरलं. तिने ओठ मिटले आणि फुंकलं. आता ही पोरगी ते शिंग बनलं त्या दिवसापासून फुंकत आलेली, शिवाय रडू दाबायला ओठ आवळलेले. असा सूर निघाला की खिडक्यांच्या काचा बोलल्या. सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात.

कार्यक्रम संपल्यावर मुलांनी स्टेजला वेढा घातला. सही हवी, टोपीचं पीस हवं, करवतीला हात लावायचाय. बारकीच्या वर्गातल्या त्या चकचकीत मुली सगळ्यांत पुढे. त्यात तिची मैत्रीण, त्या वकिलाची मुलगी, दाजींच्या झग्याला धरून म्हणाली की माझे बाबा असे असते तर काय मजा आली असती. आमच्या घरी कुणी साधी शिट्टी वाजवत नाही.

बारकी तिच्या मागेच उभी होती. यश दिसलं की सगळ्यांना नातं आठवतं, आणि माझी भाची काही वेगळ्या मातीची नाही. पण मोठा माणूस म्हणताना बापाचा चेहरा कसा झाला होता तेही तिने अगदी जवळून पाहिलं होतं. दोन्ही असेल. ती म्हणाली, "हे माझेच बाबा आहेत."

मैत्रीण हसली. बाकीच्याही हसल्या. आत्ता तर परदेशात होते, एवढ्यात आले पण? कुणीतरी खोटारडी म्हणालं. मैत्रिणीने सरळ दाजींनाच विचारलं की सर, ही म्हणते ते खरं का?

आमच्या दाजींनी आयुष्यात दिलेले शब्द मोजायला बसलं तर पाळलेला एक सापडायचा नाही. नळ दुरुस्त करतो म्हणाले, ताईला नवे पडदे आणतो म्हणाले, माझे पेट्रोलचे पैसे पुढच्या आठवड्यात म्हणाले. आणि तो एक शब्द पाळायला त्यांना नेमकी हीच वेळ सापडली.

"नाही बाळ," ते म्हणाले. "मी तर हिला आजच बघतोय."

वर हसलेही, तिला वाचवल्यासारखे.

बारकीचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं ती आता पळणार. ती पळाली नाही. ती शिंगापाशी गेली, त्याच्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हे तीनशे वर्षांचं नाहीये. पाइप आहे, आमच्या परसात कापलेला. दुसरं टोक मी धरलं होतं."

मुख्याध्यापिकाबाई आभाराचं भाषण मनात जुळवत शेजारीच उभ्या होत्या. त्या भाषणात तीनशे वर्षांचा वारसा नक्की असणार. त्यांनी हातातल्या ओल्या रुमालाकडे बघितलं आणि विचारलं, "सर, काय म्हणतेय ही?"

दाजींना हसून सुटता आलं असतं. पोरांच्या कल्पना काय सांगाव्यात, एवढं म्हणायचं होतं. बाईंना तेच ऐकायचं होतं. मेंढपाळही वाचला असता आणि त्याचा नातूही. मला दिसत होतं, जिभेवर ते वाक्य आलं होतं. त्यांनी लेकीकडे बघितलं. मग खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, शिंग आडवं घेतलं आणि चामड्याच्या पट्ट्या सोडायला लागले. ताईची पर्स वेटोळं वेटोळं होऊन जमिनीवर पडली. आतून राखाडी पाइप निघाला, आणि त्याच्यावर ठळक छापलेलं होतं: फक्त सांडपाण्यासाठी.

कुणी हसलं नाही. हसायचं की नाही हे कुणाला ठरवता येईना. ज्यांनी ज्यांनी आजवर ते तोंडाला लावलं होतं त्या सगळ्या लेकरांच्या वतीने बाईंनी तेवढा रुमाल ओठांवर दाबला.

दाजींनी पाइपाचं कापलेलं टोक वर धरलं. "हिनेच धरलं होतं," ते म्हणाले. "आणि धरता आलं नाही. बघा, हे इथे तिरपं गेलंय. सांगून ठेवलं होतं, हलू नकोस म्हणून."

"मी हलले नव्हते," बारकी उसळली. "तुझ्या करवतीला दातच नव्हते. वाजवताना बोट कापतं म्हणून तूच घासून टाकले होतेस, आणि मग त्याच करवतीने कापत बसलास."

"कापताना गप्पा कोण मारत होतं?"

"तू. मेंढपाळाची गोष्ट तू तेव्हाच बनवत होतास."

वकिलाच्या मुलीने एकदा दाजींकडे, एकदा बारकीकडे पाहिलं, आणि मागे वळून बाकीच्यांना म्हणाली, "बाबाच आहेत."